स्ट्रेंजर थिंग्ज सीझन 2 भाग 7 : पुन्हा बघितला, पुन्हा तितकाच हिरमोड

यवतेश्वर_पायथा (सातारा)

स्पॉयलर आहेत मंडळी. दुसरा सीझन ज्यांचा बघायचा राहिलाय त्यांनी इथनंच मागं फिरा.

पाचवा सीझन संपल्यापासून मनात होतं की मालिका पहिल्यापासून परत बघायची, आणि आता कोरेगावहून मावसभाऊ राहायला आलाय, नववीत आहे, त्यानं यातलं काहीच बघितलेलं नाही. मग काय, रोज रात्री जेवणं झाली की दोन भाग. पहिला सीझन चार दिवसात संपला. पोरगं इतकं गुंतलं की पोवई नाक्यावर लायटिंगची माळ दिसली तरी विल बायर्सची आई आठवते म्हणायला लागलं.

शनिवारी दुसऱ्या सीझनचा सहावा भाग लावला. तुम्हाला आठवत असेल तो शेवट. विलच्या अंगात शिरलेलं ते जे काही आहे ते त्याच्याच तोंडून सैनिकांना बोगद्यात चुकीच्या जागी पाठवतं, सगळे सापळ्यात सापडतात, आणि लॅबमधल्या त्या भल्यामोठ्या खड्ड्यातून डेमोडॉग, कुत्र्यासारखे ते राक्षसी प्राणी, वर चढायला लागतात. वर कोण कोण आहे? विलची आई जॉयस, पोलीसप्रमुख हॉपर, विलचा मित्र माइक, जॉयसचा मित्र बॉब, बेशुद्ध व्हायच्या बेतात आलेला विल. बास, तिथंच भाग संपतो. भाऊ पांघरूण फेकून ताठ बसला, दादा पुढचा लाव, लगेच लाव. रात्रीचे साडेबारा वाजलेले, आई आतनं ओरडत होती, तरी लावला.

आणि सातवा भाग सुरू झाला. इलेव्हन, म्हणजे एल, लॅबमधून पळालेली ती अजब ताकदीची मुलगी, मावशीच्या घरी, मग बसमध्ये, मग शिकागो. नवीन गँग, रंगवलेले केस, रिकामं गोदाम. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, हॉकिन्सचं, म्हणजे जिथं सगळी गोष्ट घडते त्या गावाचं, नाव नाही. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, चुकून दुसऱ्याच मालिकेचा भाग लागलाय का?"

2017 च्या ऑक्टोबरात मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही नेमकं असंच झालेलं, पण तेव्हा वाटलं आपल्याला घाई होती म्हणून आवडला नसेल. आता पुढचं सगळं माहीत असताना बघितला, घाई कसलीच नव्हती, तरी तसंच झालं. म्हणून लिहायला बसलो, कारण ही मालिका मला मनापासून आवडते आणि हा एक भाग माझ्या घशात हाडकासारखा अडकून बसलाय.

मला जे खटकतं ते सांगतो. एल शिकागोला गेली हे चुकलं असं मी म्हणत नाही. वर्षभर हॉपरनं तिला जंगलातल्या त्या खोपटात कोंडून ठेवलेलं, त्याच्यापायी भांडण झालं, त्यातून तिला आईची फाईल सापडली, आई सापडली आणि आईच्या डोक्यातून ती दुसरी मुलगी दिसली. त्या मुलीला शोधायला ती जाणारच की! तेरा वर्षाच्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कळलंय की आपल्यासारखी अजून एक आहे. पण जायची वेळ चुकली, आणि गेल्यावर तिथं जे दाखवलं ते फार घाईघाईत उरकलं. अ‍ॅक्सेल, डॉटी, मिक, फनशाइन, चौघांची नावं नीट कळेपर्यंत भाग संपतो. फनशाइन तर आख्ख्या गँगमधला सगळ्यात मायाळू माणूस वाटतो, त्याच्याबद्दलही फारसं काही कळत नाही.

तुम्हाला काय वाटतं, मनापासून लिहा. आवडला असेल तर का आवडला तेही लिहा, मला खरंच ऐकायचंय.

कराडचं_हॉस्टेल

भावा, जखमेवर बोट ठेवलंस. मी 2017 ला कराडात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तेव्हा रोजचा एक जीबी डेटा मिळायचा, रूमवर वायफाय नाही, आणि आम्ही चौघं एका मोबाईलवर बघायचो, बादलीवर मोबाईल टेकवून. एक जण एका रात्रीचा डेटा देणार, असा नंबर लावलेला. सहावा भाग बघितला ती रात्र माझी नव्हती. दुसऱ्या दिवशी माझा नंबर. दिवसभर मी व्हॉट्सअ‍ॅपचे फोटोसुद्धा डाउनलोड केले नाहीत, लेक्चरला बसून आम्ही फक्त एवढंच बोलत होतो की बॉब वाचतोय का हॉपर वाचतोय. रात्री अकराला लावला आणि पाऊण तास शिकागो. संपला तेव्हा कोणी काही बोललंच नाही. एक जण उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही, झोपला.

मला त्या वेळी राग आला तो माझ्या डेटाचा नव्हता रे, राग याचा की एवढं उराशी धरून आणलेलं आणि त्यांनी ते हातातनं काढून घेतलं. आज सलग बघणाऱ्याला आठवा भाग पाच सेकंदात लागतो, आम्हाला अजून चोवीस तास थांबायला लागलं.

विश्रामबागवाली (सांगली)

मी नाटकात काम करते, हौशीच, पण बरीच वर्षं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात सीता स्वयंवर केलं त्या गावची आहे, त्यामुळं मी नाटकाच्या अंगानं बोलणार, चालवून घ्या.

अंकाचा पडदा कुठं पाडायचा यावर आमच्या तालमीत तासन्‌तास भांडणं होतात. पडदा पडताना प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न लटकत ठेवायचा असतो, आणि पुढचा अंक उघडताना त्या प्रश्नाला हात तरी लावायचा. उत्तर नका देऊ लगेच, पण प्रश्न विसरला नाही एवढं दाखवा. सहाव्याचा पडदा उत्तम पडलाय. सातवा उघडतो तेव्हा तो प्रश्न रंगमंचावरच नाही, विंगेतसुद्धा नाही.

माझी आजी हरिपूरला कीर्तनाला जायची, तिच्याबरोबर मीही जायचे. उत्तररंगात आख्यान अगदी भरात आलं की बुवा थांबायचे आणि एखादा अभंग घ्यायचे. लहानपणी मला त्याचा राग यायचा, कारण तिकडं अभिमन्यू चक्रव्यूहात अडकलाय आणि बुवा गातायत. पण मोठं झाल्यावर कळलं की तो अभंग त्या प्रसंगाचाच असायचा. थांबायचे, पण अभिमन्यूला सोडून जायचे नाहीत. मधे थांबण्याला माझी ना नाही, या भागानं थांबताना मागच्यांचा हात सोडला ही माझी तक्रार आहे.

यवतेश्वर, तुम्ही नवीन पात्रांचं म्हणालात ते तर शंभर टक्के. नऊ भागांच्या नाटकात सातव्या भागात पाच नवी माणसं एकदम आणायची म्हणजे नटांवरसुद्धा अन्याय आहे. त्यांना उभं राहायला जागाच नाही.

मिरज_जंक्शन

मी उलट बाजूनं बोलतो, मला हा भाग आवडतो, आणि नुसता सहन होतो असं नाही, आवडतो.

पहिली गोष्ट, काली, म्हणजे शिकागोतली ती दुसरी मुलगी, अचानक सातव्यात टपकत नाही. दुसऱ्या सीझनची सुरुवातच तिच्यापासून आहे, पिट्सबर्गमधला तो गाड्यांचा पाठलाग, पोलिसांना बोगदा कोसळताना दिसतो आणि प्रत्यक्षात काहीच कोसळलेलं नसतं, आणि शेवटी मनगटावर 008. म्हणजे धागा पहिल्या मिनिटाला टाकलाय, सातव्यात उचललाय.

दुसरी गोष्ट, आठव्याचा शेवट आठवा. बायर्सच्या घरात सगळे खिडकीकडं बंदुका रोखून उभे, बाहेर गुरगुर, आणि काच फोडून मेलेला डेमोडॉग आत येऊन पडतो. मग दाराची कडी आपोआप सरकते आणि एल आत येते, मागं वळवलेले केस, काळा कोट, डोळ्यात काजळ. तो क्षण बघून अंगावर काटा येतो तो कशामुळं? ती कुठून आली, काय सोडून आली हे आपल्याला माहीत असतं म्हणून. आणि नवव्यात दुसऱ्या जगाचं ते गेट बंद करताना तिला जोर कुठून मिळतो, शिकागोत जे शिकली त्यातूनच ना? काली तिला सांगते की राग कुठं आहे तो शोध, आणि ती रुळावरचा आख्खा डबा ओढते. तोच राग गेटवर कामी येतो.

मालिका बनवणाऱ्या डफर बंधूंनी मुलाखतीत सांगितलेलं की हा भाग काढून टाकून बघितला होता, पण मग एलची गोष्ट कोसळते, शेवट बसत नाही. मला ते पटतं.

यवतेश्वर_पायथा

मिरज, तुमचं आठव्याचं म्हणणं मान्य, तो सीन मलाही लय आवडतो. पण भाग गरजेचा असणं आणि भाग चांगला असणं या दोन गोष्टी आहेत ना. पाया गरजेचा असतो म्हणून त्यात वाळू जास्त घातली तर कोणी चालवून घेत नाही.

एक विचार आला, हा भाग सहाव्याच्या आधी टाकला असता तर? म्हणजे पाच, मग शिकागो, मग सहा आणि सलग आठ.

विश्रामबागवाली

नाही जमणार ते. शिकागोत एल डोळे झाकून बसते तेव्हा तिला हॉपर आणि माइक संकटात दिसतात, म्हणूनच ती परत फिरते. सहाव्यातलं संकट सुरू झाल्याशिवाय ती परतूच शकत नाही. भाग उचलून दुसरीकडं ठेवता येणार नाही, फोडून दोन्हीकडं वाटायला पाहिजे होता. चौथ्यात-पाचव्यात थोडं थोडं शिकागो, कालीशी भेट, गँगबरोबर एक रात्र. मग सहाव्यात लॅबमध्ये सापळा लागतो आणि त्याच क्षणी एल तिकडं डोळे झाकून बसलीय. विचार करा काय झालं असतं!

कराडचं_हॉस्टेल

ताई हे वाचून परत हळहळ वाटली. हेच पाहिजे होतं राव.

जुनी_केबल (सातारा)

वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा बराच मोठा आहे, सदर बझारात राहतो. विज्ञान मालिका केबल आल्यापासून बघतोय. निराश करणारा भाग म्हणाल तर मला आठवतो तो स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशनच्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा, 'शेड्स ऑफ ग्रे', 1989 चा. रायकर या यानावरच्या अधिकाऱ्याला एका ग्रहावर कसलातरी जंतुसंसर्ग होतो, तो बेशुद्ध पडून राहतो आणि डॉक्टर त्याच्या मेंदूतल्या आठवणी जाग्या करत राहतात, आणि त्या आठवणी म्हणजे जुन्या भागांचे तुकडे. सीझनचा शेवट म्हणून आपण वाट बघत बसलेलो आणि समोर शिळा भात. पण त्याला कारण होतं. पैसे आधीच्या भागांवर खर्च होऊन गेलेले, 1988 च्या लेखकांच्या संपानं त्या सीझनचं वेळापत्रकच मोडलेलं. नाइलाज होता त्यांचा, हे नंतर कळलं तेव्हा राग गेला.

इथं तसा नाइलाज नव्हता. पैसे होते, वेळ होता, मागं जगभरचा प्रेक्षक उभा होता. त्यांनी जाणूनबुजून काहीतरी वेगळं करून बघितलं. म्हणून मला या भागाचा राग येत नाही, वाईट मात्र जास्त वाटतं. रायकरच्या भागात वाया जाण्यासारखं काही नव्हतंच, शिकागोच्या भागात फार मोलाचं काहीतरी होतं आणि ते वाया गेलं.

तासगावच्या_बाई

काकांनी "मोलाचं काहीतरी" म्हटलं, त्यावरच लिहायचं होतं. मी इतिहास शिकवते.

टेरी आइव्हज, म्हणजे एलची आई, मालिकेत एमकेअल्ट्राच्या प्रयोगात सामील झालेली दाखवलीय. एमकेअल्ट्रा हे खरं आहे, मालिकेनं रचलेलं नाही. अमेरिकेच्या सीआयएनं 1953 मध्ये तो कार्यक्रम सुरू केला, माणसाच्या मनावर ताबा कसा मिळवायचा हे शोधायला. एलएसडीसारखी द्रव्यं लोकांना दिली गेली, आणि आपल्याला काय दिलंय हे कित्येकांना ठाऊकही नव्हतं. 1973 मध्ये त्यातली बहुतेक कागदपत्रं मुद्दाम नष्ट केली गेली. 1975 पासून चौकशा झाल्या तेव्हा जे हाती लागलं ते उरलंसुरलं. ज्यांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली त्यातल्या फार थोड्यांना कुणाकडं बोट दाखवता आलं.

आता हे मनात ठेवून तो सीन बघा. ज्यानं टेरीला विजेचे झटके दिले तो रे नावाचा माणूस सोफ्यावर बसून टीव्ही बघतोय. त्याच्यासमोर टेरीची मुलगी उभी. ज्या आईनं लेकीला परत आणायला बंदूक घेऊन लॅबमध्ये घुसण्याचं धाडस केलं आणि त्यापायी आता खुर्चीत बसून तेच ते पाच-सहा शब्द पुटपुटत असते, तिची मुलगी. ती त्याचा गळा आवळते. तो म्हणतो मला जे सांगितलं ते मी केलं. हे वाक्य इतिहासात किती जणांनी किती कोर्टांपुढं म्हटलंय! आणि मग एलला त्याच्या दोन लहान मुलींचा फोटो दिसतो, मुली शेजारच्या खोलीत आहेत, आणि ती सोडून देते. काली बंदूक रोखते तर एल ती बंदूकच खिडकीबाहेर फेकते.

काय ताकदीचा प्रसंग आहे हा. कागदपत्रं नष्ट केली गेल्यावर न्याय कुणी करायचा, हा प्रश्न त्या खोलीत उभा आहे. काली म्हणते आम्ही करू. एल म्हणते मी असा नाही करणार. या दोघींना समोरासमोर बसवून एक पूर्ण रात्र बोलू द्यायला पाहिजे होतं. आणि मालिका काय करते, पळते. पोलीस येतात, गाडी येते, गोदामात परत पोलीस येतात, बस येते. मला वर्गात असं होतं कधी कधी, महत्त्वाचा मुद्दा निघतो आणि तास संपल्याची घंटा होते.

हळदपेठ (सांगली)

बाईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं.

मला माझं सांगायचंय. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. इंग्रजी मालिकांमध्ये आपल्यासारखी दिसणारी मुलगी दिसली तर ती बहुतेक वेळा डॉक्टर असायची नाहीतर अभ्यासू मैत्रीण. आणि इथं काली! सावळी, जांभळ्या रंगाचे केस, कुणाला घाबरत नाही, आणि नाव कालीचं. आमच्या घरात देव्हाऱ्यात जगदंबेचा टाक आहे, मला ते नाव ऐकूनच छाती भरून आली होती. एल तिला भेटते तेव्हा ती हवेत फुलपाखरू काढून दाखवते ना, आणि एलच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघून मी रडलेले. ताकद वापरल्यावर तिच्याही नाकातनं रक्त येतं एलसारखंच. बहिणी आहेत त्या, रक्तानं नसल्या तरी त्या एका थेंबानं.

पण ही कुठनं आली, तिचे आईवडील कोण, तिला घरची कुठली भाषा आठवते का, यातलं काही विचारायची त्या भागाला सवड नाही. एलच्या आईसाठी पाचव्या भागात एवढा वेळ, कालीच्या आईसाठी एक वाक्य नाही. सगळे म्हणतात भाग लांबला, कंटाळा आला. मला तो फार लहान वाटला. हॉकिन्स सोडून गेलो याचा मला रागच नव्हता, मला अजून दोन भाग शिकागोतच राहायचं होतं.

मिरज_जंक्शन

हळदपेठ, मी भागाची बाजू घेत होतो पण हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी कालीकडं एलला शिकवणारी म्हणूनच बघितलं. तुमचं वाचून वाटतंय की मालिकेनंही तिच्याकडं तेवढंच बघितलं. तिसऱ्या सीझनमध्ये ती नाही, चौथ्यात लॅबमधली बाकीची मुलं दाखवली तेव्हाही ती नाही, कारण ती आधीच पळालेली. थेट पाचव्यात आणली.

हळदपेठ

आणि पाचव्यात आणली ती पुन्हा कैदेतच. मी त्या रात्री आनंदानं ओरडले आणि पुढच्या मिनिटाला वाईट वाटलं.

कराडचं_हॉस्टेल

एक गोष्ट कबूल करतो. सात-आठ वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की सातवा भाग सोडून द्या, डायरेक्ट आठवा बघा, काय फरक पडत नाही. धाकट्या बहिणीलाही तसंच दाखवलं. तिला तो रे-चा सीनच माहीत नाही आता. बाईंचं वाचल्यावर ते फार चुकल्यासारखं वाटतंय. रविवारी घरी विट्याला जातोय, तेव्हा तिला दाखवतो.

विश्रामबागवाली

दाखव रे. आणि शेवटचा बसमधला प्रसंग तिला नीट बघू दे. शेजारची बाई विचारते कुठं निघालीस, आणि एल म्हणते मित्रांकडं, घरी चाललेय. मिली बॉबी ब्राउन तेव्हा तेरा वर्षांची होती. सगळ्या भागात तिचं एकटीचं काम आहे, ओळखीचे नट जवळजवळ कुणीच सोबत नाहीत, आणि एवढ्या कच्च्या लिखाणातसुद्धा ती कुठं खोटी वाटत नाही. पटकथेला कितीही नावं ठेवूया, त्या पोरीच्या कामाला नाही.

यवतेश्वर_पायथा

सगळ्यांचं वाचतोय, दोन दिवस लिहायला झालं नाही, घरी पाहुणे होते.

काल रात्री आठवा दाखवला. बॉब गेला तेव्हा भाऊ गप्प झाला, मग बराच वेळ खिडकीतनं बाहेर बघत बसला, यवतेश्वरच्या घाटातले दिवे दिसतात आमच्याकडनं. एल दारातून आत आली तेव्हा मात्र टाळ्या. मिरज, तुम्ही म्हणालात तसंच झालं, काटा आला त्यालाही.

मग मी त्याला हळदपेठचा प्रतिसाद वाचून दाखवला, पाचव्या सीझनचं गाळून. त्यानं ऐकलं आणि सातवा भाग परत लावायला सांगितला. पहिल्यांदा बघताना तो निम्मा वेळ मोबाईलवर होता, काल एकदाही हात लावला नाही. फुलपाखराच्या सीनला त्यानं थांबवून मागं घेतलं. भाग मला अजूनही तितकाच घाईचा वाटला, माझं मत बदललेलं नाही, पण त्या दोघी एकमेकींच्या मनगटावरचे आकडे बघतात तिथं मी आधी कधी थांबलोच नव्हतो.

झोपायच्या आधी त्यानं विचारलं, काली परत येते का. मी म्हटलं येते, पाचव्या सीझनला. त्यानं बोटं मोजली, दुसऱ्याचा एक उरलाय, तिसऱ्याचे आठ, चौथ्याचे नऊ.

"अठरा भाग? तोवर ती कुठं असते?"